निळ्या रंगातले घर

हेमंताचे कोवळे ऊन जपानच्या त्या इवल्याशा बंदरगावावर उतरले होते. सोनसळी, संथ, स्निग्ध. छपरांवर ऊन, होड्यांवर ऊन, आणि पलीकडे नीलनितळ सागर. साताऱ्याहून आलेल्या हेमांगीला हे गाव पाहताक्षणीच आवडले होते. नवऱ्याने गोदीत नोकरी धरली आणि तिने हट्टाने घर घेतले ते किनाऱ्यालगतचे, उशाशी गाज ऐकू येणारे.

भाषा मात्र अजून उंबऱ्याबाहेरच ताटकळत होती. म्हणून दर गुरुवारी ती ग्रंथालयात यायची. साठी उलटलेल्या ग्रंथपाल मोरिता-सान तिला मायेने एखाददुसरा शब्द देत. तोशोकान म्हणजे ग्रंथालय. झू म्हणजे आकृती. आणि आजचा शब्द चिझू, म्हणजे नकाशा.

भिंतीवर गावाचा भलाथोरला नकाशा होता. काय देखणा होता तो! डोंगर हरितश्यामल, रस्ते शुभ्र, आणि किनाऱ्याकडून आत पसरत आलेला निळा. फिकट निळा, गडद निळा, अतिगडद निळा. चित्रकाराने हौसेने हात सैल सोडला असावा, असेच हेमांगीला वाटले. तिने कौतुकाने आपले घर शोधले. ते अतिगडद निळ्यात होते. चार वर्षांच्या लेकीची, रेवाची बालवाडी शोधली. तीही निळ्यात.

"इथं पाणी कसं? समुद्र तर तिकडे आहे," तिने मोडक्यातोडक्या जपानीत हसत विचारले.

मोरिता-सान हसल्या नाहीत. त्यांनी हात छताकडे उंच उंच नेला. "त्सुनामी."

हा शब्द कुणाला शिकवावा लागत नाही.

हेमांगीने पुन्हा नकाशातल्या आपल्या घराकडे पाहिले. सहा महिने! सहा महिने ती त्याच गाजेवर लेकीला निजवत होती! मोरिता-सान नकाशावरचा डोंगराकडे जाणारा एक बाण दाखवून काही सांगत होत्या, पण ती ऐकायला थांबलीच नाही. वही तिथेच टाकून ती धावत सुटली.

बालवाडीच्या अंगणात तिने रेवाला छातीशी कवटाळले. पाणी आले तर माझ्या लेकीला कुठे न्याल, एवढेच बाईंना विचारायचे होते. पण तेवढे शब्द तिच्यापाशी कुठे होते? हात समुद्राकडे करून ती नुसती रडू लागली.

"त्सुनामी का, आई?" रेवा म्हणाली. "चल, मला येतं."

आणि ती चिमुरडी निघालीच. दुकानांच्या मागून, बांबूच्या बनातून, देवळाच्या उभ्या पायऱ्यांवरून, न थांबता, न अडखळता. बाई मागोमाग येत होत्या, मान डोलावत. दर महिन्याला आम्ही असंच पळतो, रेवा धापा टाकत सांगत होती. जे हेमांगीला आज कळले, ते लेकीच्या पावलांना केव्हाचे पाठ होते.

डोंगराच्या माथ्यावर पोचताच ती घर पाहायला वळणार, तोच रेवाने तिची ओढणी ओढली.

"मागं नाही बघायचं! आणि आई आली नाही, तरी खाली नाही जायचं. बाईंनी सांगितलंय."

हेमांगी वळली नाही. ऊन हळूहळू कलत होते, वारा वाहत होता, आणि तिचे एक बोट एका घामेजल्या, इवल्या मुठीत घट्ट धरलेले होते.