झाकू नका, काका

माझ्या बाइंडिंगच्या दुकानात विस्तवाला बंदी आहे. सरस गरम करायचा असला तरी मी मागच्या अंगणात जातो, आणि सिगारेट ओढणारं गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असलं तरी त्याला पायरीवरच उभं करतो. अशा दुकानातला एक कोपरा जावयाला द्यावा लागला, ही माझ्या लेकीची करामत. तिनं फक्त "बाबा, प्लीज" म्हटलं आणि मी गारद झालो.

क्रिप्टो मायनिंग म्हणजे काय ते जावईबापूंनी मला तीन वेळा समजावलं. मला इतकंच कळलं की बोटाएवढ्या सहा काड्या दिवसभर गणितं सोडवत बसतात, त्याबद्दल न दिसणारी नाणी मिळतात, आणि काड्या तापतात. एकट्या कॉम्प्युटरला त्यांना वीज पुरवणं झेपत नाही, म्हणून मध्ये एक हब लागतो. हब म्हणजे ओळीनं भोकं असलेली पट्टी, तिला वेगळ्या अडॅप्टरनं वीज मिळते. जावयाच्या घरी माझी दोन वर्षांची नात आहे आणि तिला प्रत्येक भोकात बोट घालून बघायचं असतं. म्हणून माझा कोपरा.

मी एक अट घातली. त्या दिवसांत गाणंवाल्या बाईंच्या एकतीस वह्या माझ्याकडे शिवायला होत्या. बाईंनी पन्नास वर्षं गाणं शिकवलं आणि स्वतः बांधलेली प्रत्येक चाल स्वरांसकट हातानं लिहून ठेवली. मागच्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. वह्या देताना त्यांनी माझ्या टेबलावरच्या चिठोऱ्यावर लिहिलं होतं, "जपा. दुसरी प्रत नाही." तेव्हा मी जावयाला म्हटलं, "हब कुठलाही आणा, पण मापबाईंनी पास केल्याशिवाय माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही."

मापबाई म्हणजे समोरच्या रिपेअरिंगच्या दुकानातल्या बाई. त्या मोजल्याशिवाय काही बोलतच नाहीत, म्हणून हे नाव. त्यांच्या काउंटरवर वीज मोजायचं मीटर असतं, आणि ते मीटर वायरींसकट मावेल असं ऐसपैस खोकं मीच त्यांना करून दिलं होतं. त्यांनी मागितलं नव्हतं. काही उघडं दिसलं की मला त्याला खोकं करावंसं वाटतं, हा माझा जुना रोग आहे.

जावयानं आणलेला हब दिसायला झकास होता. दहा भोकं, निळे दिवे, वजनाला पिसासारखा. मापबाईंनी अडॅप्टर तळहातावर झेलला, चष्मा वर करून त्यावरचं बारीक लिखाण वाचलं आणि म्हणाल्या, "एकेका काडीला दीड अँपिअर लागतं. सहा काड्यांचे झाले नऊ. हा देतोय तीन. पंगतीला सहा जण आणि ताटं दोन!"

"पण दहा भोकं आहेत ना," जावई म्हणाला.

"भोकं पाडायला काय लागतं?" त्यांनी हब उघडून आतली केसासारखी तार दाखवली. मग काड्या लावून तो फरशीच्या तुकड्यावर चालू केला आणि वीस मिनिटांनी माझा हात धरून अडॅप्टरवर ठेवला. मी हात झटकन मागे घेतला.

मग त्यांनी फडताळातून दुसरा काढला. लोखंडी अंगाचा, काळा, जड, शोभेच्या नावानं शून्य. अडॅप्टर पुरून उरेल एवढा. प्रत्येक भोकाला स्वतंत्र संरक्षण, आणि फार तापला तर आपणहून बंद होण्याची सोय. "सोय आहे असं खोक्यावर लिहिलंय," त्या म्हणाल्या. "खरंच आहे का ते मी बघणार. काड्या ठेवून जा. तीन दिवसांनी या."

"तीन दिवस? अहो, हब घ्यायचाय, घर नाही!"

"काका, तुमच्या दुकानात काय काय असतं?"

"कागद. पुठ्ठा. कापड. सरस."

"मग तीन दिवसांनी या."

मी धुसफुसतच परतलो. चौथ्या दिवशी हब आणायला गेलो तर मीटर काउंटरवर उघडंच पडलेलं, माझ्या खोक्याचा पत्ता नाही. मी मनातल्या मनात रुसलो. हब देताना बाईंनी दोनदा बजावलं, "हवा लागू द्या. झाकू नका, काका." मी दोन्ही वेळा हो म्हटलं.

जावयानं हब फरशीवर मांडला, शेजारी छोटा पंखा ठेवला. दहा दिवस सगळं सुरळीत चाललं. पण माझ्या दुकानात कागद कापला की बारीक भुसा उडतो, आणि तो त्या हबवर बसायला लागला. मला ते बघवेना. भुसा आत गेला तर बिघडेल, असं स्वतःला पटवून मी एक खोकं केलं. जाड पुठ्ठा, आत कापडाचं अस्तर, वायरीपुरत्या दोन खाचा, वर सोनेरी अक्षरांत "जावईबापू". पंखा अर्थातच बाहेर राहिला. झाकण ठेवलं आणि मी स्वतःवरच खूश झालो.

एवढ्यावर भागलं नाही. हवा दमट होती, शेवटच्या तीन वह्यांच्या पाठीवरचा सरस वाळत नव्हता. खोक्याच्या माथ्याला हात लावला तर छान कोमट! मी त्या तिन्ही वह्या खोक्यावर ठेवल्या, वर वजन दिलं आणि लेकीकडे जेवायला गेलो.

चार वाजता परतलो तेव्हा पंखा फिरत होता, पण काड्यांचे दिवे विझले होते. वह्या उचलल्या, झाकण काढलं. सरसाचा उग्र वास अंगावर आला. अस्तर सुटून लोंबत होतं, पुठ्ठा वाकडा झाला होता. वह्यांना काही झालं नव्हतं. पाठी तेवढ्या खडखडीत वाळल्या होत्या. मी दारातूनच मापबाईंना हाक मारली.

मापबाई आल्या. त्यांनी हबला बोटांची उलटी बाजू लावली, तारा तपासल्या.

"बिघडला?" मी विचारलं.

"नाही. त्याचं काम त्यानं केलं. फार तापला, बंद झाला. गार झाला की चालेल."

"आणि तो निळ्या दिव्यांचा असता तर?"

त्या आपल्या दुकानात गेल्या आणि तो पहिला हब घेऊन आल्या. आम्ही गेल्यावर त्यांनी तो अंगणातल्या फरशीवर पुन्हा चालवून पाहिला होता. अडॅप्टरची एक बाजू वितळून काळीठिक्कर पडली होती. तो हातात घेतला आणि मला त्या तीन वह्यांशिवाय दुसरं काही दिसेना.

रविवारी गाणंवाल्या बाईंना वह्या पोचवल्या. लपवायचं मनात आलं होतं, खोटं कशाला सांगू. पण सगळं सांगून टाकलं. बाईंनी ऐकून घेतलं. मग एकतिसावी वही उघडली आणि पानावर बोटांनी ताल धरला, ओठ हलत होते. चाल पुरी झाल्यावर त्यांनी पाटी ओढून लिहिलं, "त्या मापवाल्या बाईंना माझा नमस्कार सांगा."

तो सांगायला मी मापबाईंकडे गेलो. म्हटलं, "तुमचे उपकार कसे फेडू?"

"उपकार कसले! माझी नोंदवही खिळखिळी झालीय, ती शिवून द्या."

तेलकट बोटांच्या ठशांनी भरलेली वही होती, प्रत्येक वस्तूची मापं त्यात लिहिलेली. पानं सुटी करताना आमचं पान हाताला लागलं. "बाइंडर काका. सहा काड्या. उघड्यावर एक दिवस, ठीक." त्याच्या खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, "काका खोकं करणारच. सांगून ऐकणार नाहीत. त्यांनीच दिलेल्या मीटरच्या खोक्यात घालून, वर चादर टाकून चालवला. तीनदा. तिन्ही वेळा आपणहून बंद झाला. द्यायला हरकत नाही."

मी तडक त्यांच्याकडे गेलो आणि मीटरचं खोकं मागितलं. त्यांनी जरा ओशाळून ते टेबलाखालून काढलं. आतलं अस्तर सुटून लोंबत होतं, हुबेहूब माझ्या खोक्यासारखं. मी रुसलो होतो ते या खोक्यावरून. माझे डोळे भरून आले.

वही मी दुकानातल्या सगळ्यात चांगल्या कापडात बांधली. मीटरला नवं खोकं केलं, आणि द्यायच्या आधी त्याला चारी बाजूंनी भोकं पाडली.