फटीची कवळी

“फूऽऽ!” आजोबांनी ओठांचा चंबू करून जोर लावला. नुसती हवा गेली. माझ्या टेबलावरचा प्लास्टरचा भुगा तेवढा उडाला.

“बघा. वाजत नाही,” ते म्हणाले.

“आजोबा, कवळी खायला असते, वाजवायला नाही.”

माझी जीभ जरा तिखटच आहे. जन्म लोकांचे दात घडवण्यात गेला, पण दातओठ खायची माझी सवय काही सुटली नाही. कवळी टोचते, सैल होते, अशा तक्रारी घेऊन लोक येतातच. वाजत नाही म्हणून येणारा हा पहिलाच माणूस, आणि तोही पुन्हा पुन्हा. मी ती मागून घासून दिली, पातळ करून दिली, तरी ढिम्म फरक नाही. बाकी कवळी अशी उतरली होती, की मीच माझी पाठ थोपटून घ्यावी. सगळे दात एका ओळीत, कुठे बोट ठेवायला जागा नाही.

सोबत आलेली त्यांची मुलगी चुळबुळत होती. “बाबा, पुरे आता. किती छान दिसताय! या वयात शीळ घालून कुणाला बोलवायचंय?”

आजोबांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. मला म्हणाले, “माझ्या पुढच्या दोन दातांत फट होती. तशी करून द्या.”

“फट? माझ्या हातच्या कवळीत? लोक म्हणतील, बाईला दात लावता येत नाहीत.”

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

“लढाईत पहाऱ्यावर होतो. माझी चौकी एका कड्यावर, जोडीदाराची पलीकडच्या. रात्री दिवा लावायचा नाही, हाक मारायची नाही. मग शीळ घालायची. मी जागा आहे, एवढं त्याला कळायचं.”

“ते कुठे असतात आता?”

“तिथंच.”

मुलीची चुळबुळ थांबली. “म्हणजे रोज झोपायच्या आधी गच्चीत जाता, ते...”

“हो. दात काढल्यापासून बंद आहे. त्याला वाटत असेल, मला झोप लागली.”

“काढा ती,” मी म्हणाले. मी कवळी घेतली, मशीन लावलं आणि मधल्या दोन दातांच्या कडा घासायला लागले. आपलंच काम आपल्या हातानं बिघडवायचं म्हणजे जिवावर येतं. मुलगी “अहो, पण दिसायला...” असं पुटपुटली. मग वाकून बघत तीच म्हणाली, “अजून थोडी. त्यांची फट जास्त होती.”

आजोबांनी कवळी बसवली, ओठ ओले केले. आधी हवाच गेली. मग शीळ वाजली. बारीक, स्वच्छ. वर चढत गेली आणि मध्येच तुटली.

“फसली का? द्या इकडे, पुन्हा घासते.”

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. “माझी एवढीच. पुढची तो घालायचा.”

मुलगी काहीतरी बोलणार होती. मी तिच्या मनगटावर हात ठेवला आणि पंखा बंद केला. आजोबा खिडकीकडे मान वळवून ऐकत होते. खाली कुणीतरी गाडी सुरू करत होतं. ती निघून गेली, तरी ते तसेच उभे राहिले.