बाहेरून कडी

गजेंद्र सर वाशिमच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे. वर्गात ते कधी ओरडले नाहीत. गोंधळ झाला की खडू टेबलावर ठेवून गप्प उभे राहायचे. मागच्या बाकापर्यंत शांतता झाली की मगच पुढचं वाक्य.

लॉकडाऊनमध्ये तास ऑनलाईन सुरू झाले. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी मध्येच गाणं लावलं. सर सवयीने गप्प झाले. जरा वेळाने आदर्श नावाच्या मुलाचा आवाज आला, "सर, आवाज येऊन नाही राह्यला. नेट गेलं का?"

सरांची बायको सायली नर्स होती, दिवसभर ड्युटीवर. घरी सर आणि त्यांचे वडील, दौलतराव. म्हाताऱ्याने जन्मभर अनसिंग गावात भाजीचा मळा केला होता. आता त्यांना काही आठवत नव्हतं. एकदा तास चालू असताना ते थेट कॅमेऱ्यासमोर आले.

"गज्या, वांग्याले पानी सोडलं नाही अजून? काहून येकटाच बोलून राह्यला येड्यावानी?"

कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला आणि तो संध्याकाळपर्यंत सगळ्या कॉलेजात फिरला. दुसऱ्या दिवशी तासाला 'गज्या' नावाचे तीन जण हजर होते. सरांनी विचारलं, हे कोण आहेत. काढून टाकले तर ते दुसऱ्या नावाने परत आले. प्राचार्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, पोरं हजर राहतात हेच खूप समजा.

मग सर तासाआधी वडिलांना मागच्या खोलीत बसवून बाहेरून कडी लावू लागले. सायलीला कळलं तेव्हा ती म्हणाली, हसतात तर हसू द्या, पण बाबांना कोंडू नका. सरांनी मान हलवली, आणि कडी लावणं चालूच ठेवलं. म्हातारा आधी दार वाजवायचा, हाका मारायचा. पुढे तेही थांबलं. सरांना वाटलं, बाबांना सवय झाली.

एका दुपारी तास संपवून त्यांनी दार उघडलं. दौलतरावांचं धोतर ओलं झालं होतं. मुलाला पाहताच ते भिंतीला धरून उठले आणि त्यांनी हात जोडले.

"मास्तर, म्या काही नाही केलं. आता घरी जाऊ द्या मले."

"बाबा, मी गजू."

म्हाताऱ्याने मान वर केली नाही. सरांनी त्यांना धुतलं, धोतर बदललं, स्वतःच्या हाताने भरवलं. घासाघासाला बाबा त्यांच्याकडे चोरून बघत होते. पुन्हा पुन्हा गजू म्हणून सांगितलं, तरी ते "हो मास्तर" एवढंच म्हणत राहिले.

दुसऱ्या दिवशी सरांनी कडी लावली नाही. तास सुरू झाला, कुणीतरी गाणं लावलं, सर बोलत राहिले. बाबा खोलीतून बाहेर आले नाहीत. दार सताड उघडं असताना ते उंबऱ्याच्या आत, हाताची घडी घालून, कुणी जा म्हणण्याची वाट पाहत उभे होते.