होय म्हाराजा

त्र्याऐंशीच्या भाद्रपदात उधाणाने बांध फोडला. भाट्याच्या खाडीकाठी एवढी शेतं, पण खारं पाणी शिरलं ते माझ्याच भातात. नवरा आदल्या वर्षी गेलेला. कापणीला हाती आलं ते नुसतं फोल.

दीर भागोजी बांधावर आला. आम्ही नवराबायको ख्रिस्ती झाल्यापासून तो आमच्या घरचं पाणी पीत नसे, पण त्या दिवशी मायेनेच बोलला.

"वयनी, तुज्या देवानं काय केलान बग. परत ये आमच्यात. देवळात गाऱ्हाणा घालू तुज्यासाटी. सगला गाव 'होय म्हाराजा' म्हनंल."

"गाऱ्हाणा घालीन तर माज्याच देवाला," मी म्हटलं. "भांडान त्याच्याशी आनि दार दुसऱ्याचा ठोकू?"

रविवारी चर्चमध्ये कापणीचा सण होता. वेदीपुढे नारळ, भोपळे, तांदळाच्या टोपल्या मांडलेल्या. मी फोलाने भरलेलं सूप नेऊन मधोमध ठेवलं. चर्चचे पंच सखारामभाऊ लगबगीने आले.

"सगुणाबाई, आज देवाचे उपकार मानायचे. हे मागे ठेवा."

"यंदा त्यानं ह्याच दिलान. त्याच्याच म्होरं ठेवनार."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. गावच्या देवळात माझा बाप उभा राहायचा तशी हात जोडून उभी राहिले आणि मोठ्याने सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! तुजी लेक सगुणा गाऱ्हाणा घालते. घोव नेलास, आता भात नेलास. ह्याचा जाब तुलाच इचारनार, दुसऱ्या कोनाला नाय. बोल नायतर गप ऱ्हा, मी ह्या दारातून हलत नाय, म्हाराजा!"

चर्चमध्ये गाऱ्हाणं! सखारामभाऊंना घाम फुटला. सगळे पाळकसाहेबांच्या तोंडाकडे बघू लागले. पाळकसाहेब मूळचे बुरोंडीचे, लहानपणी बापाचं बोट धरून गाऱ्हाण्याला उभे राहिलेले. त्यांच्या तोंडून सवयीने निसटलंच.

"होय म्हाराजा!"

त्यांनी जीभ चावली, पण उशीर झाला होता. मागच्या बाकांवरच्या बायकांनी एका सुरात उचललं, "होय म्हाराजा!" मला रडू कोसळलं. पण मी मागे वळले नाही.

सूप जागचं हललं नाही. मी पहिल्या बाकावर बसले. देवाने उत्तर दिलं नाही. पुढच्या रविवारी पुन्हा तिथेच जाऊन बसले आणि त्याला म्हटलं, बघू आधी कोण दमतं.