उरलेले दीड इंच

"काय वहिनी, या वयात गाडी खाली बसवायची हौस?" फिटर हसला आणि माझं डोकंच फिरलं.

त्याच्या गॅरेजच्या कोपऱ्यात तसली एक पिकअप उभी होती. पोट जमिनीला टेकलेलं, काचा काळ्याकुट्ट. अशा हौशी गिऱ्हाइकांकडून तो बक्कळ कमावतो, हे मला ठाऊक होतं. म्हटलं, "हौस गेली खड्ड्यात. मला माझ्या पिकअपच्या दाराचा उंबरा पाच इंच खाली हवाय आणि नवीन सामान घ्यायची माझी ऐपत नाही. जमत असेल तर बोल, नाहीतर दुसरा फिटर बघते."

त्याने हातातला पाना खाली ठेवला. मग मी त्याला सगळं सांगितलं.

आमच्या ह्यांना झटका आला, त्याला पाच महिने झाले. डावी बाजू गेली. डॉक्टर म्हणाले, आठवड्यातून तीनदा व्यायामाला आणा, पहिल्या वर्षात जेवढी ताकद परत येईल तेवढीच आपली. पाय हलायलाही लागला होता. पण पिकअपमध्ये चढायला स्टूल ठेवलं, ते कलंडलं आणि हे रस्त्यात आडवे. शेजारच्या दोघांनी उचलून पोतं चढवावं तसं आत ढकललं. त्यातला एक दीडशहाणा म्हणाला, "मागे हौद्यातच टाकू का? मोकळाच आहे." झालं! त्या दिवसापासून ह्यांनी धरलं की स्वतःच्या पायांनी चढेन तेव्हाच घराबाहेर पडेन. टॅक्सी बोलावली तर म्हणे, माझी गाडी दारात असताना दुसऱ्याच्या गाडीत बसू? सहा आठवडे एकही व्यायाम नाही. पाय पुन्हा फरफटायला लागला होता. मी रडले, भांडले, दोन दिवस अबोला धरला. हे आपले ढिम्म.

"चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे गॅसने तापवून बसवू का?" फिटर म्हणाला. "अर्ध्या तासाचं काम, एक पैसा नको."

"सव्वीस वर्षं ड्रायव्हरशी संसार केलाय मी. तापवलेला पाटा भर रस्त्यात दगा देतो. मला शिकवू नकोस."

मग ठरलं असं. मागच्या प्रत्येक चाकावर सहा पाटे होते, त्यातले दोन-दोन काढायचे. पुढे पिळाची सळई असते, तिचा बोल्ट सैल केला की गाडीचं नाक खाली येतं. आणि चारही चाकं भंगारातून, एक नंबर लहान. मजुरी वाचावी म्हणून हाताखाली मीच. ह्यांचा जुना शर्ट चढवला आणि गाडीखाली शिरले. बोल्ट इतके गंजलेले की डिझेल ओतून रात्रभर भिजत ठेवावे लागले. डोळ्यांत गंज, कोपरं सोललेली. भंगारवाल्याकडे तर मी शंभरेक टायर उलटेपालटे केले असतील, तेव्हा कुठे चार धड निघाले.

घरी आल्यावर ह्यांनी माझ्या हातांकडे बघून विचारलं, "पाटे काढलेस?"

"दोन-दोन."

"कंबरडं मोडलंस तिचं!" हे ओरडले. "फरशांचं वजन कसं पेलणार ती आता?"

"फरशा नेणार कोण? आता गाडी मी चालवते आणि मी गाद्या नेते, गाद्या आणि उशा! तुमच्या फरशा संपल्या."

बोलून गेले आणि लगेच वाईट वाटलं. हे भिंतीकडे तोंड करून पडले. जेवायलाही उठले नाहीत.

चौथ्या दिवशी काम झालं. मी टेप लावला. उंबरा आधी एकवीस इंचांवर होता, आता साडेसतरावर. आणि ह्यांचा डावा पाय, भिंतीला धरून, घरात रचलेल्या विटांवर चढत होता तो सोळा इंच.

"अजून सैल कर बोल्ट," मी म्हटलं.

"चाक पत्र्याला घासेल, वहिनी. वळणावर टायर फाटला तर दोघंही जाल. याच्याखाली गाडी मी नेणार नाही." एरवी चार पैशांसाठी काहीही करणारा हा माणूस, पण त्या दिवशी हटला नाही. मनातून मला ते पटलंही.

घरी आले ती तणतणतच. टेप ह्यांच्या कॉटवर फेकला. "साडेतीन इंच मी आणले. उरलेले दीड तुम्ही आणा. मी काय आता रस्ता उकरू?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात होते, तर आतल्या खोलीतून धप्प असा आवाज आला. धावत गेले. दार आतून लावलेलं.

"पडलात का?"

"आपलं काम बघ."

मग रोज दुपारी तेच. धप्प. थोडी शांतता. पुन्हा धप्प. झाडताना बघितलं, विटांवर ह्यांनी एक जुनी वही ठेवली होती. दोन दिवसांनी दोन वह्या. मग फळीचा तुकडा. ह्यांच्या नडगीवर एवढाले काळेनिळे डाग. माझ्या जिभेवर शंभर गोष्टी यायच्या, पण मी तोंड उघडलं नाही. जन्मात एवढी गप्प मी कधी बसले नव्हते.

अकराव्या दिवशी सकाळी हे दाढी करून, बूट घालून बसलेले. "दहाची वेळ असते ना तिथली?" म्हणाले.

मी पिकअप दारात आणली आणि माझ्या शेजारचं दार उघडायला खाली उतरले. तर हे काठी टेकत पुढून वळसा घालून निघाले, थेट ड्रायव्हरच्या बाजूला. समोरच्या ओट्यावरचे ते दोघं शेजारी उठून उभे राहिले. मी नुसते डोळे वटारले, तसे खाली बसले.

ह्यांनी दाराची चौकट धरली. डावा पाय उचलला. बूट उंबऱ्याला घासला, थरथरला, आणि आत गेला. मग एक हिसका, आणि हे सीटवर! कोणाचा हात नाही, काही नाही. मला ओरडावंसं वाटलं. मी पदराने नाक पुसलं.

ह्यांनी उजव्या हाताने डावा उचलून दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. मग डावा पाय क्लचवर. दाबला. क्लच जेमतेम अर्धा गेला. पुन्हा दाबला. कपाळावरची शीर फुगली, पण क्लच तिथेच अडला. असं चार वेळा. उतरा म्हणू की राहू द्या म्हणू? गाडी मी खाली आणली, क्लच काही मला हलका करता येणार नव्हता.

शेवटी ह्यांनी हाताने स्वतःचा पाय उचलला, गिअरच्या दांड्यापलीकडे टाकला आणि घसरत घसरत पलीकडच्या जागेवर गेले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बस. उशीर होतोय."

मी बसले. किल्ली फिरवली. गिअरकडे हात नेला, तर दांड्यावर आधीच ह्यांचा उजवा हात होता.

"तू क्लच दाब," हे म्हणाले. "गिअर मी टाकतो."

मी क्लच दाबला.