पंचवीस माणसांचं लग्न

सुपारी फुटून आठ दिवसही झाले नव्हते, तोच देवळाली प्रवराहून मुलाच्या आईचा निरोप आला. लग्न घरापुढच्या अंगणातच करायचं. तुमची पंचवीस माणसं, आमची पंचवीस. मुलीचे वडील कारभारी यांच्या हातातला चहा हातातच राहिला. पाथर्डीकडच्या या माणसाला पंचवीस जण नुसते फेटे बांधायलाच लागत होते!

"कुठंतरी पानी मुरतंय," ते बायकोला म्हणाले. "खोट असल्याबिगर कुनी लपूनछपून लगीन करीत न्हाई. पोराचं पयलं लगीन झालेलं आसंल. न्हाईतर फिट येत आसंल."

"आवो, आंगद डेअरीत कामाला हाय, चांगला हाय," रंगुबाई म्हणाली. "करोनात न्हाई का झाली तशी लग्नं?"

"तवा सरकारचा धाक हुता. आता कुनाचा हाय?"

आत धनश्री ऐकत होती. तिने अंगदला मनापासून हो म्हटलं होतं. पण बापाच्या डोक्यात एकदा किडा वळवळला की काय होतं हे तिला ठाऊक होतं. आधीच्या दोन सोयरिकी त्यांनी अशाच मोडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी कारभारी कुणाला न कळवता एसटीने देवळालीत उतरले आणि अंगदच्या गल्लीतल्या सलूनमध्ये दाढीला बसले. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात त्यांचा हात कोण धरणार! ऊस, पाऊस, कांद्याचा भाव असं फिरत फिरत ते अंगदच्या घरावर आले. दाढी करणाऱ्याचा हात थांबला.

"पोरगं सोन्यासारखं हाय," तो म्हणाला. "पण त्या घराचं मला नका इचारू."

शेजारचा किराणावालाही खाली मान घालून साखर तोलू लागला. समोरच्या ओट्यावरची म्हातारी तर नाव काढताच उठून आत गेली. अख्खी गल्ली गप्प बसते म्हणजे भानगड मोठीच असणार! मनातल्या मनात सोयरीक मोडूनच कारभारी अंगदच्या आईच्या, सविताबाईंच्या दारात उभे राहिले.

"विहीणबाई, सरळच इचारतो. काय लपवताय?"

सविताबाईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. "गल्लीत विचारून आलात ना, दादा? काय म्हणाली गल्ली?"

"कुनी बोलंना."

"कसे बोलतील? एकवीस साली अंगदचे वडील करोनाने गेले, याच खोलीत. या ओट्यावरून मी सकाळपासून हाका मारत होते. एक दार उघडलं नाही. शेवटी अंगद, नगरपालिकेचे दोन कामगार आणि आमचा दूधवाला, एवढ्यांनी त्यांना नेलं. त्याच दिवशी ठरवलं, आमच्या सुखात वेळेला आलेली माणसंच असतील. ते दोन कामगार, दूधवाला, डबा देणारे, फोनवर धीर देणारे, सगळी मिळून पंचवीस होतात. बाकीच्यांना मी शिव्या देत नाही. पण पत्रिकाही देत नाही." तिने कागद-पेन पुढे केलं. "तुमचीही तशी पंचवीस लिहा."

गल्लीची मान खाली का गेली ते कारभारींना आता कळलं. त्यांनी पेन हातात घेतलं खरं, पण डोळ्यांपुढे आला तो थोरला चुलतभाऊ गहिनीनाथ. तोही त्याच साली करोनानेच गेला. तीन घरं सोडून त्याच्या बायकोचा, गोजरबाईचा आक्रोश चालला होता आणि कारभारी दार लावून आत बसले होते. ताप आलाय, असं त्यांनी लोकांना सांगितलं होतं. त्यानंतर त्या दारात ते कधी गेले नाहीत. आपल्याला लाज वाटते म्हणण्यापेक्षा गोजरबाईच माणूसघाणी झाली म्हणणं सोपं होतं.

"लगीन तुमी म्हन्ता तसंच," एवढंच म्हणून ते उठले. कागद कोराच राहिला.

गावात उतरल्यावर ते आपल्या घरी गेले नाहीत. गोजरबाईच्या दारात जाऊन त्यांनी हाक मारली, "वैनी, हायसा का?"

दार बोटभर उघडलं. गोजरबाईने फटीतून त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"कशावर अंगठा पायजे, भावजी?" ती म्हणाली. "बांधाचं आसंल तर पोरगा आल्यावर या."

"बांधाचं न्हाई, वैनी. धनूचं लगीन हाय. पयलं आवतान तुमाला."

दार तेवढंच उघडं राहिलं. एसटीत बसून कारभारींनी काय काय बोलायचं ठरवलं होतं. ते सगळं सोडून त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या.

"चार वर्सांनी आलाय," गोजरबाई म्हणाली. "खरं सांगा, काय काम काढलंय?"