डावीकडची झीज

कोऱ्या लाकडाला म्हातारं करायचं तर ते वापरणारा माणूस आधी डोळ्यांसमोर हवा, असं धाकटीचं म्हणणं. पन्नाशीला टेकली तरी नवं फर्निचर जुनं भासवून विकणाऱ्या वडिलांच्या कारखान्यात ती धाकटीच. लिहायच्या नव्या टेबलावर तिने तारेचा ब्रश फिरवून लाकडाच्या रेषा उठवल्या, साखळीचे चार फटके हाणले आणि लिहिणाऱ्याचा हात टेकतो त्या कडेचा रंग घासून लाकूड उघडं पाडलं. डाव्या बाजूला.

वडिलांनी, म्हणजे म्हातारबुवांनी, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि त्यांचा पारा चढला.

"उलटं केलंस की! माणसं उजव्या हाताने लिहितात. गिऱ्हाईक हसेल. इथे रंग लाव आणि उजवीकडे घास."

"नाही लावणार."

लहानपणी याच बाबांनी तिचा डावा हात फडक्याने पाठीशी बांधून तिला उजव्या हाताने लिहायला, रंधा धरायला शिकवलं होतं. तुझ्या भल्यासाठीच, असं ते आजही छातीठोकपणे सांगत आणि ती मुकाट ऐकून घेई. आज मात्र तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने मनात धरलेली एक डावखुरी बाई निदान लाकडात तरी सुखाने बसली होती, तर बाबा तिलाही पुसायला निघाले होते!

"मग मीच लावतो," म्हणत त्यांनी रंगाचा डबा उचलला. धाकटी टेबलाला आडवी उभी राहिली.

"अगं, जुनं म्हणून खरं वाटायला नको?"

"खरं बघायचंय? या इकडे."

मनगटाला धरून तिने त्यांना स्वतःच्या कामाच्या बाकाशी नेलं आणि भुसा झटकला. बाकाची उजवी कड थोडीफार बोथटली होती. डावी पार गोल झाली होती, घामाने काळपट, गुळगुळीत. तिथे कुणी ब्रश फिरवला नव्हता.

म्हातारबुवा कडेवर बोटं फिरवत राहिले. "हे कधी?"

"तुम्ही जेवायला गेलात की. बाजारात गेलात की. आणि जी नक्षी तुम्ही आल्यागेल्याला कौतुकाने दाखवता ना, ती सगळी याच हाताची."

धाकटीने पटाशी लाकडावर टेकवली, हातोडी डाव्या हातात घेतली आणि त्यांच्यादेखत पहिला ठोका घातला.

"टेबल असंच जाणार. आणि तुम्ही आता बाहेर जायची गरज नाही, बाबा. इथेच बसा."